कारखान्यात व्हीआर आणि एआर आणताना: हेडसेट मागवण्याआधीची आणि नंतरची कामे, क्रमाने

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत व्हीआरचे (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी दृश्याचे) प्रयोग फसतात, तेव्हा चूक बहुधा क्रमात असते. मालक एखाद्या प्रदर्शनात हेडसेट लावून पाहतात, परतल्यावर दोन संच मागवले जातात, ते आल्यावर त्यांचे करायचे काय याचा विचार सुरू होतो आणि सहा महिन्यांनी ते एचआरच्या कपाटात पाहुण्यांना दाखवण्यापुरते उरतात. हा लेख तो क्रम सुधारण्यासाठी लिहिला आहे. मुख्य उदाहरण म्हणून प्रेस शॉपमधील (पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागातील) डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलण्याचे काम घेतले आहे, कारण वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आपल्याकडच्या लहान-मध्यम कारखान्यांत ते नित्याचे आहे आणि त्यात हाताची बोटे पणाला लागलेली असतात. रिरोलिंग मिल, बियाणे प्रक्रिया केंद्र किंवा डाळ मिल चालवणाऱ्यांनाही टप्पे हेच लागू पडतील.

दोन शब्दांतला फरक आधी पक्का करावा. व्हीआरच्या हेडसेटमध्ये माणसाला पूर्णपणे संगणकाने उभे केलेले दृश्य दिसते. एआरमध्ये (ऑगमेंटेड रिॲलिटी) समोरचे खरे यंत्र दिसत राहते आणि त्यावर बाण, आकडे किंवा सूचना उमटतात. त्यासाठी खास चष्माच लागतो असे नाही, मोबाइल किंवा टॅबलेटवरही ते होते. म्हणून व्हीआर नेहमी बंद खोलीत आणि चालू यंत्रापासून दूर वापरायचे, तर यंत्राजवळ न्यायचे ते एआर. हेडसेटमध्ये आता बाहेरचे दृश्य कॅमेऱ्यातून दाखवण्याची सोय असते, पण तिच्या भरवशावर कोणालाही शॉपमध्ये फिरू देऊ नये.

टप्पा १: एकच काम निवडणे

पहिल्या वर्षी एकच काम घ्यावे. निवडताना तीन प्रश्न विचारावेत: चूक झाल्यास माणूस जायबंदी होतो किंवा महागडी वस्तू मोडते का; ती परिस्थिती इतकी क्वचित येते का, की सराव होतच नाही; आणि सरावासाठी खरे यंत्र थांबवणे परवडत नाही का. यांपैकी किमान दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तरच व्हीआरचा विचार करावा.

रिरोलिंग मिलमध्ये तापलेली सळई मार्ग सोडून बाहेर उसळते, तेव्हा कोणी कुठे उभे राहायचे आणि कोणत्या बाजूला हटायचे, हा प्रसंग तिन्ही कसोट्यांवर उतरतो, कारण तो सरावासाठी मुद्दाम घडवून आणता येत नाही. प्रेसची डाय बदलणे पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीवर उतरते. याउलट, पुठ्ठ्याच्या खोक्यात माल भरण्याचे काम शेजारी उभे राहून अर्ध्या तासात शिकवता येते आणि नव्या कामगाराला कारखान्याची ओळख करून देणारी ‘आभासी फेरी’ तर माझ्या मते शुद्ध उधळपट्टी आहे. शंभर पावलांवर खरा कारखाना असताना त्याचे चित्र दाखवण्यात हशील नाही.

*तपासणी:* पुढील वाक्य कागदावर पूर्ण करून पाहावे. ‘हे प्रशिक्षण घेतलेला माणूस अमुक काम, अमुक चुका न करता, कोणाच्या मदतीशिवाय करील.’ ‘जागरूकता वाढेल’ असे काही लिहावेसे वाटले, तर काम अजून निवडलेले नाही असे समजावे.

टप्पा २: काम जसे होते तसे उतरवून घेणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. बहुतेक जण भिंतीवर लावलेली एसओपी (कामाची लेखी कार्यपद्धती) उचलून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे पाठवतात. ती एसओपी ऑडिटसाठी लिहिलेली असते आणि काम तिच्याप्रमाणे होत नसते.

एका प्रेस शॉपमध्ये मी डाय बदलणी उतरवायला बसलो, तेव्हा एसओपीत चौदा ओळी होत्या आणि माझ्या वहीची अडीच पाने भरली. जुनी डाय बाहेर काढल्यानंतर सेटरने (डाय बसवणाऱ्या कामगाराने) बोल्स्टर, म्हणजे डाय ज्यावर बसते तो प्रेसचा पाट, फडक्याने पुसला आणि मग उघडा तळहात त्यावरून सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला. मध्ये एका जागी हात थांबला. तिथे पत्र्याचा नखाएवढा तुकडा चिकटलेला होता; तो तसाच राहिला असता, तर नवी डाय तिरकी बसली असती. ही कृती एसओपीत नव्हती आणि स्वतः सेटरलाही ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. मात्र त्याचा हात रॅमखाली (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाखाली) असताना सेफ्टी ब्लॉक, म्हणजे रॅम खाली येऊ नये म्हणून मध्ये ठेवायचा ठोकळा, शेजारच्या खुंटीवर टांगलेला होता. काम उत्तम येणारा माणूस नेमका कोणत्या क्षणी धोका पत्करतो, हे असे बसून पाहिल्यावरच कळते, आणि प्रशिक्षण त्या क्षणाभोवती उभे करायचे असते.

उतरवून घेण्याचा क्रम असा ठेवावा.

१. तीन बदलण्या मोबाइलवर चित्रित कराव्यात: एक सर्वांत अनुभवी सेटरची, एक मध्यम अनुभव असलेल्याची आणि एक रात्रपाळीतली.

२. प्रत्येक कृतीसमोर चार गोष्टी लिहाव्यात: हात कुठे आहे, नजर कुठे आहे, यंत्र कोणत्या स्थितीत आहे (मोटर चालू की बंद, फ्लायव्हील म्हणजे प्रेसचे जड फिरते चाक थांबले की नाही, रॅम वर की खाली) आणि ही कृती चुकली तर काय होईल.

३. तिघांच्या क्रमांत जिथे फरक दिसेल, तिथे सेटर, मेंटेनन्स आणि टूल रूम (डाय बनवणारा व दुरुस्त करणारा विभाग) यांना एकत्र बसवून एकच क्रम ठरवावा. मोटर बंद करणे, फ्लायव्हील पूर्ण थांबण्याची वाट पाहणे, कुलूप आणि टॅग लावणे, सेफ्टी ब्लॉक ठेवणे आणि त्यानंतरच हात आत घालणे, या साखळीबाबत तडजोड करू नये.

४. ठरलेला क्रम खऱ्या यंत्रावर एकदा करून पाहावा. तो अडला, तर दुरुस्ती आत्ताच करावी. सॉफ्टवेअर बनल्यावर त्याच दुरुस्तीचे पैसे मोजावे लागतात.

*सावधान:* चित्रीकरण टाइम स्टडीसाठी (कामाला लागणारा वेळ मोजण्यासाठी) आहे असा समज पसरला, तर कोणीही नेहमीसारखे काम करणार नाही. ते कशासाठी आहे, कोण पाहणार आणि कधी पुसले जाणार, हे कामगारांना आधी सांगून संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे लेखी नोंद ठेवणेही शहाणपणाचे आहे. ग्राहक कंपनीची ड्रॉइंग किंवा अजून बाजारात न आलेले सुटे भाग चौकटीत येत नाहीत ना, हेही पाहावे, कारण गोपनीयतेचा करार तिथेच मोडतो.

टप्पा ३: साधन ठरवणे

स्वस्तापासून महागाकडे जात, जिथे गरज भागेल तिथे थांबावे.

छापील चित्रे आणि साधा व्हिडिओ पुरत असेल, तर लेख इथेच सोडून द्यावा. ते पुरत नसेल, तर ३६० अंशांचा व्हिडिओ हा दुसरा पर्याय. हेडसेट लावून मान फिरवली की चहूकडे पाहता येते, पण चालत जाऊन यंत्रामागे डोकावता येत नाही आणि हाताने काही करता येत नाही. रिरोलिंग मिलमध्ये धोका ओळखायला आणि उभे राहण्याची जागा शिकवायला तो चांगला. डाय बदलणीला निरुपयोगी. तिसरा पर्याय म्हणजे यंत्राचे त्रिमितीय प्रतिरूप, ज्यात कामगार कंट्रोलर धरून क्लॅम्प सोडतो, ब्लॉक ठेवतो, बटण दाबतो. आपल्या उदाहरणाला हेच हवे. तरीही सेटरच्या तळहाताला जाणवलेला तुकडा कोणताही कंट्रोलर जाणवून देणार नाही. व्हीआरने ‘आधी ब्लॉक, मग हात’ हा क्रम भिनवता येतो. हाताची पारख खऱ्या बोल्स्टरवरच शिकवावी लागते.

संच घेताना तो कोणत्याही संगणकाविना चालणारा असावा. मेटा क्वेस्ट ३ हे २०२३ मध्ये आलेले हेडसेट या प्रकारातले आहे. त्याचे वजन सुमारे ५१५ ग्रॅम आहे आणि बॅटरी साधारण दोन तास पुरते. म्हणजे आठ तासांची पाळी एका संचावर चालेल हा हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो. चष्मा वापरणाऱ्यांना तो डोळ्यांवर ठेवून हेडसेट बसतो का, हे विकत घेण्यापूर्वी तपासावे. परदेशातून आणलेल्या संचाला इथे वॉरंटी लागू आहे का, याची लेखी खात्री करावी.

*सावधान:* या क्षेत्रात उपकरणे अचानक बंद होतात. गूगलने ग्लास या चष्म्याच्या औद्योगिक आवृत्तीची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबवली आणि मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या हेडसेटचे उत्पादन २०२४ मध्ये बंद केले. जुना साठा ‘सवलतीत’ मिळतो म्हणून त्यावर प्रशिक्षण बांधू नये. सॉफ्टवेअर ओपनएक्सआर या खुल्या मानकावर बनवून घेतले, तर उद्या दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवर ते नेणे सोपे जाते.

टप्पा ४: खोली, वीज आणि ऊन

उभ्याने करायच्या सरावासाठी किमान २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा लागते. मी ३ बाय ३ मीटरचा आग्रह धरतो. जमिनीवर पिवळी पट्टी मारून घ्यावी. छताचा पंखा विसरू नये: हेडसेट लावलेला माणूस डोक्यावरचे हँडल धरायला हात उंचावतो आणि ठेंगण्या खोलीत कंट्रोलर थेट पात्यांना लागतो. पंखा भिंतीवरचा बसवावा. हेडसेट आपली जागा कॅमेऱ्यांनी ओळखते, त्यामुळे अंधार, काचेची पार्टिशन आणि कोऱ्या पांढऱ्या भिंती तिन्ही त्रास देतात. भिंतीवर चार तक्ते किंवा जुनी पोस्टर लावली तरी फरक पडतो.

उन्हाबद्दल मराठवाड्यात वेगळे सांगावे लागते. ही हेडसेट साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी त्याहून कितीतरी जास्त असते. खोलीत एसी नसेल, तर उन्हाळ्यात सराव सकाळच्या पाळीतच ठेवावा. त्याहून वाईट नुकसान भिंगांतून होते: ती भिंगे उन्हाकडे तोंड करून राहिली, तर ऊन आतल्या पडद्यावर एकवटते आणि पडदा जळतो. माझ्या देखरेखीखालचा एक संच असाच गेला. चहाच्या सुटीत कोणीतरी तो खिडकीच्या कट्ट्यावर उलटा ठेवला होता. परत आलो तेव्हा चित्राच्या मधोमध पिवळसर डाग होता आणि तो कायमचा राहिला.

*सत्रापूर्वीची तपासणी:* हेडसेट आणि कंट्रोलर चार्ज आहेत का, सेल बदलले आहेत का, अपडेट आदल्या रात्रीच उतरवून झाले आहे का, आणि इंटरनेट बंद करूनही सराव सुरू होतो का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण दहा कामगार रांगेत बसलेले असताना लॉगिनचे पान उघडणे हा हमखास घडणारा प्रकार आहे.

टप्पा ५: बनवून घेणे आणि करार

यंत्र बनवणाऱ्याकडून मिळालेली कॅड फाइल (यंत्राचा संगणकावरील आराखडा) जशीच्या तशी हेडसेटमध्ये टाकता येत नाही. तिच्यात प्रत्येक बोल्टचे आटेसुद्धा असतात आणि इतका भार आला की चित्र अडखळते, आणि चित्र अडखळले की माणसाला मळमळते. म्हणून फाइल हलकी करणे हे काम करारात वेगळे लिहून घ्यावे आणि प्रत्यक्ष हेडसेटवर सेकंदाला ७२ चित्रांपेक्षा गती खाली येणार नाही, अशी अट घालावी. कामगाराला दृश्यातून ‘सरकवत’ नेऊ नये. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर थेट उडी घेऊ द्यावी किंवा स्वतःच्या पायांनी चालू द्यावे.

३६० अंशांचे चित्रीकरण असेल, तर कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि हाताचे काम दोन भिंगांच्या सांध्यावर येऊ देऊ नये. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने शटरची गती १/५० किंवा १/१०० ठेवली, म्हणजे शेडमधल्या दिव्यांची फडफड चित्रात येत नाही.

भाषेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एका ठिकाणी स्टुडिओने शुद्ध मराठीत ध्वनिमुद्रण करून आणले, त्यात जागोजागी ‘साचा’ म्हटलेले होते आणि कामगार ‘कुठला साचा?’ म्हणून थांबत होते. शॉपमध्ये तिला डाय म्हणतात, तर हेडसेटमध्येही डायच म्हणावे. शक्य असेल तर आवाज आपल्याच सेटरचा घ्यावा. बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगार असतील, तर हिंदी आवृत्ती त्याच वेळी करून घ्यावी. मागाहून ती राहूनच जाते.

करारात पुढील बाबी असल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये: मूळ फाइली आणि प्रकल्पाचा पूर्ण संच कारखान्याच्या मालकीचा, इंटरनेटविना चालण्याची हमी, वर्षातून दोन लहान बदल किमतीत समाविष्ट, आणि शेवटचा हप्ता टप्पा ६ मधील चाचणी झाल्यानंतर.

टप्पा ६: पहिल्या तुकडीची चाचणी

पहिल्या तुकडीत दहा-बारा जण पुरेत, पण ते सगळे तरुण आयटीआयवाले नसावेत. पन्नाशीतला हेल्पर आणि रात्रपाळीचा माणूस हवाच.

१. सत्राआधी प्रत्येकाला विचारावे: फिट येते का, पेसमेकर आहे का, डोळे आले आहेत का, काल झोप झाली का. पहिल्या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर हेडसेट देऊ नये. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ एका हेडसेटमुळे पूर्ण पाळीत फिरू शकते.

२. प्रत्येक वापरानंतर चेहऱ्याला लागणारी गादी पुसावी. पुसता येणारे सिलिकॉनचे आवरण घ्यावे. भिंगांना स्पिरिट लावू नये, कोरडे मायक्रोफायबर कापडच वापरावे.

३. पहिली पाच मिनिटे फक्त हात हलवणे, वस्तू उचलणे, ठेवणे. डाय बदलणी लगेच सुरू केली, तर कामगार कंट्रोलरशी झगडतो आणि गुण कमी पडल्यावर आपल्याला काम येत नाही असे समजतो.

४. एक बैठक पंधरा ते वीस मिनिटांची. गरगरले की लगेच थांबवावे, ‘सवय होईल’ म्हणू नये. त्यानंतर किमान अर्धा तास यंत्रावर किंवा दुचाकीवर पाठवू नये.

५. हेडसेट काढल्यावर कामगाराने केलेल्या चुका त्याच्याशी बोलाव्यात, शक्य तर सेटरच्या तोंडून. हा भाग गाळला, की उरतो तो खेळ.

*तपासणी:* आठवड्याने त्याच माणसाला खऱ्या, कुलूप लावलेल्या प्रेसवर, पर्यवेक्षकाच्या समोर तेच काम करायला सांगावे. ब्लॉक आधी ठेवला का, एवढे एकच पाहावे. तिथे तो चुकला, तर दोष प्रशिक्षणाच्या रचनेत शोधावा.

टप्पा ७: यंत्राजवळचे एआर

इथे मोबाइलने सुरुवात करावी. लातूरच्या डाळ मिलमध्ये हंगामात सॉर्टेक्स मशीन (रंगावरून खराब दाणे वेगळे करणारे यंत्र) बंद पडले, की इंजिनिअर दूरच्या शहरातून येईपर्यंत माल थांबतो. दूरस्थ मदतीच्या ॲपमध्ये तो इंजिनिअर आपल्या पडद्यावर ज्या भागाभोवती वर्तुळ काढतो, ते इथल्या मोबाइलवर खऱ्या भागाला चिकटून राहते, मोबाइल हलवला तरी. ‘डावीकडचा, नाही, त्याच्या खालचा’ हा संवाद त्यामुळे संपतो. मात्र बिघाडाच्या दिवशी पहिल्यांदा ते ॲप उघडू नये. यंत्र चालू असताना, त्याच जागेवरून, त्याच नेटवर्कवर एकदा पूर्ण कॉल करून पाहावा, कारण पत्र्याच्या शेडमध्ये दाराशी मिळणारी रेंज यंत्रामागे मिळत नाही. आवाज गाळणारा हेडफोन आणि टॉर्च त्याच पेटीत ठेवावेत.

*सावधान:* एकाने मोबाइल धरावा आणि दुसऱ्याने हात घालावा. विद्युत पॅनेल पुरवठा तोडून, तो तुटल्याची खात्री केल्यावरच उघडावे. पलीकडच्या इंजिनिअरला ते दिसत नसते. जिथे थिनरची वाफ किंवा धान्याची उडती धूळ साचते, तिथे साधा मोबाइल वा चष्मा नेऊ नये. अशा जागांसाठी ठिणगी न पडण्याची हमी असलेली, प्रमाणित उपकरणेच लागतात.

यंत्रावर सूचना उमटवायच्या असतील, तर ॲपला यंत्र ओळखावे लागते. चकचकीत धातू ते नीट ओळखत नाही, म्हणून छापील खूण चिकटवतात. ती मॅट कागदावर छापावी, चमकदार लॅमिनेशन करू नये. तेल उडणार नाही अशा जागी आणि छातीच्या उंचीवर लावावी, आणि हलणाऱ्या भागावर कधीही लावू नये. महिन्यातून एकदा ती पुसणे मेंटेनन्सच्या यादीत घालावे.

नवे यंत्र शेडमध्ये कुठे बसेल, हे टॅबलेटवर उभे करून पाहणे हाही एआरचा सोपा आणि स्वस्त उपयोग आहे. दारातून ते आत येईल का, मेंटेनन्सला मागून जायला वाट राहील का, क्रेनचा हुक पुरेसा वर जाईल का, हे पाच मिनिटांत दिसते. फाउंडेशन बोल्टची आखणी मात्र टेपनेच करावी.

टप्पा ८: मोजणे आणि जिवंत ठेवणे

प्रशिक्षण सुरू करण्याआधीचे आकडे घेतले नसतील, तर नंतरचे कशाशीच ताडता येत नाहीत. म्हणून टप्पा २ मध्येच चार आठवड्यांची नोंद सुरू करावी: डाय बदलायला लागलेला वेळ, पहिला चांगला नग निघेपर्यंत वाया गेलेला पत्रा, आणि न सांगता केलेल्या पाहणीत ब्लॉक किती वेळा आधी ठेवलेला आढळला. प्रशिक्षणानंतर पुन्हा चार आठवडे हेच मोजावे आणि तीन महिन्यांनी आणखी एकदा. कामगारांना ‘आवडले का’ असे विचारलेले फॉर्म मी मोजत नाही. हेडसेट सगळ्यांनाच आवडते.

शेवटी, टूल रूममध्ये डाय किंवा पॅनेलमधील बदलाची जी नोंदवही असते, तिच्यात ‘व्हीआरमध्ये बदल हवा का’ असा एक रकाना वाढवावा आणि सॉफ्टवेअरच्या पहिल्या पडद्यावर आवृत्ती व तारीख ठळक दिसेल असे करून घ्यावे. नवी आवृत्ती आली की सर्व संचांवरून जुनी त्याच दिवशी काढावी. नाहीतर दुसऱ्या पाळीतला मुलगा खोलीत जिथे बटण दाबायला शिकलेला असतो, तिथे खऱ्या पॅनेलवर आता झाकण बसवलेले असते.